बागेतल्या छोट्या ट्रॅक्टरचा हूक तुटला तर: दुरुस्ती आणि मजबुती, पहिल्यापासून शेवटपर्यंत

द्राक्षाच्या फळछाटणीला १८-२० दिवस झाले होते. पोंगे (कोवळे कोंब) फुटून पानं उघडली होती, रात्री पाऊस पडून गेला होता, आणि सकाळी डाऊनी (केवडा) रोगाची फवारणी पुढं ढकलणं शक्यच नव्हतं. ६०० लिटरचा ब्लोअर (ट्रॅक्टरमागून ओढायचा फवारणीचा पंप) भरून दोन ओळी संपवल्या, बांधाला वळलो, आणि मागून कट्ट असा आवाज आला. ब्लोअर ज्याला अडकवतो त्या हूकाची डावी पट्टी तुटली होती. ब्लोअरची दांडी जमिनीला टेकली आणि पीटीओचा, म्हणजे इंजिनची ताकद ब्लोअरला देणारा, शाफ्ट वाकडा होऊन आपटायला लागला. क्लच दाबून पीटीओ सोडवेपर्यंतचे ते दोन-तीन सेकंद मला अजून आठवतात.

जवळच्या दुकानात अर्ध्या तासात वेल्डिंग करून घेतलं. वरून एक जाड पट्टी मारली. तिसऱ्या फवारणीला तो हूक पुन्हा तुटला, तोही त्या पट्टीच्या अगदी कडेला. या वेळी वरच्या बोल्टनं गिअरबॉक्सच्या बीडातले (ओतीव लोखंडातले) आटेही ओढून आणले. पहिल्यांदा एका पट्टीचं काम होतं, दुसऱ्यांदा तेल काढून हाऊसिंगचं काम करावं लागलं. ऐन हंगामात, शेजाऱ्याचा ट्रॅक्टर मागून फवारण्या केल्या.

त्यानंतर ज्या मिस्त्रींनी काम केलं त्यांनी हूक हातात घेण्याआधी ब्लोअरची दांडी पाहिली. म्हणाले, "भाऊ, तुमचा हूक कच्चा नाहीये. त्याला कोण मोडतंय ते आधी बघू." पुढचं सगळं मी त्यांच्यासोबत बसून केलं, आणि नंतर गावातल्या दोन-तीन ट्रॅक्टरवर पुन्हा केलं. महिंद्रा युवराज २१५, स्वराज ७१७, व्हीएसटी शक्ती एमटी १८० डी, कुबोटा निओस्टार अशा १५ ते २८ एचपीच्या बागेतल्या ट्रॅक्टरांसाठी हा लेख आहे. प्रत्येकाच्या हूकाची बांधणी वेगळी, पण ताण येण्याची आणि तुटण्याची रीत एकच.

तुटल्या जागी काय करायचं

पीटीओ बंद, इंजिन बंद, किल्ली खिशात. मग ब्लोअरच्या किंवा ट्रॉलीच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा. दांडी हातानं उचलायला जाऊ नका. टाकी अर्धी भरलेली असेल तर पाणी पुढं सरकतं आणि वजन एकदम हातावर येतं. जॅक किंवा लाकडी ठोकळे घालूनच दांडी उचला. ट्रॅक्टर घरी न्यायचा असेल तर एकटा न्या. मागचं अवजार दोरखंडानं टॉप लिंकच्या (अवजार वरून धरणाऱ्या दांड्याच्या) जागेला बांधून ओढत नेलेलं मी पाहिलं आहे. हे कधीच करू नका. ओढ मागच्या अ‍ॅक्सलच्या उंचीपेक्षा वरून लागली की ट्रॅक्टरचं तोंड उचलतं आणि तो मागं उलटतो, आणि ते इतक्या पटकन होतं की चालवणाऱ्याला क्लच दाबायलाही वेळ मिळत नाही. ओढायचं ते फक्त खालच्या हूकावरूनच. ही गोष्ट दुरुस्ती करतानाही लक्षात ठेवायची आहे.

तुटलेला तुकडा सापडला तर फेकू नका, पुसू नका, ग्राइंडर तर अजिबात लावू नका. कपड्यात गुंडाळून ठेवा. सगळी गोष्ट त्या तुकड्यावर लिहिलेली असते.

तुटलेली जागा वाचायची कशी

उजेडात, शक्यतो सकाळच्या तिरप्या उन्हात, तुटलेला चेहरा बघा. एका झटक्यात तुटलेलं लोखंड सगळीकडे सारखं दिसतं: करडं, खरबरीत, चमकणारं, आणि आसपास पट्टी थोडी ओढलेली किंवा वाकलेली. हळूहळू तुटत आलेल्या लोखंडाचे मात्र दोन भाग दिसतात. एक भाग काळपट, गुळगुळीत, कधी गंजलेला, आणि त्यावर शिंपल्यावर असतात तशा बारीक वळ्या. दुसरा भाग ताजा, खरबरीत. काळपट भाग म्हणजे महिनोन्‌महिने पुढं सरकत आलेली चीर. ताजा भाग म्हणजे शेवटच्या दिवशी उरलेलं लोखंड, जे त्या वळणावर गेलं. वळ्या ज्या बिंदूभोवती आहेत, तिथूनच चीर सुरू झाली.

माझी पट्टी पहिल्यांदा तुटली तेव्हा तिचा तीन चतुर्थांश भाग काळा होता. म्हणजे ती त्या सकाळी तुटली नव्हती, मागच्या हंगामापासून तुटत होती. वळ्यांचं टोक गेलं होतं वरच्या बोल्टच्या भोकाकडे. ते भोक गॅस कटरनं पाडलेलं होतं, त्याची कड दातेरी होती. चिरेला सुरुवात करायला तेवढा एक दाता पुरतो.

पण दाता असलेली भोकं बाकीच्या पट्टीतही होती. मग ही एकच का? उत्तर ब्लोअरच्या दांडीत सापडलं. दांडीच्या टोकाच्या कडीला खेळ जास्त झाला म्हणून आधी कधीतरी दोन्ही बाजूंना जाड वॉशर वेल्ड करून घेतले होते. कडी हूकाच्या दोन जबड्यांमध्ये गच्च बसायची. सपाट रस्त्यावर काही कळत नव्हतं. पण पाण्याची चारी किंवा बांध ओलांडताना ट्रॅक्टरचं मागचं चाक खाली जातं आणि ब्लोअर वरच असतो, तेव्हा कडीला जबड्यात वर-खाली डुलायला जागाच नव्हती. ती जागा हूक वाकवूनच मिळत होती, दिवसातून शंभरदा.

म्हणून वेल्डिंग मशिन सुरू करण्याआधी हे तपासा. पिन लावून दांडी वर-खाली आणि डावी-उजवी हलवून बघा. दोन्ही बाजूंना सहज डुलली पाहिजे. पूर्ण वळणावर दांडी मागच्या टायरला किंवा ट्रॅक्टरच्या खालच्या हातांना, म्हणजे अवजार उचलणाऱ्या लोअर लिंकना, टेकते का ते बघा. टेकत असेल तर दांडी तरफेसारखी हूकाला उपटते. ब्लोअर ओढताना हे खालचे हात किती उंचीवर असतात, तेही बघा. आणि ट्रॉली असेल तर माल मागं भरता का पुढं, हे आठवा. माल सगळा पुढं असेल तर हूकावर खालचा दाब वाढतो, मागं असेल तर हूक वर उचलला जातो आणि मागच्या चाकांची पकड जाते. हे कारण दूर न करता कितीही चांगलं वेल्डिंग केलं तरी तुटणारच.

लोखंड आहे की बीड

हूकाची प्लेट बहुधा साध्या लोखंडाची असते, ते वेल्डिंगला सोपं. पण ज्याच्यावर ती बोल्टनं बसते ते गिअरबॉक्सचं किंवा डिफरन्शियलचं हाऊसिंग बीडाचं असतं. शंका असेल तर ग्राइंडरच्या ठिणग्या बघा. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब, पिवळसर-पांढऱ्या, सरळ जातात. बीडाच्या आखूड, तांबूस, चाकाजवळच विझणाऱ्या. आणि ठिणगीला फुलबाजीसारखे भरपूर फाटे फुटत असतील तर ते जास्त कार्बनचं पोलाद आहे. घडीव हूक आणि पिन अशा पोलादाची असतात. त्याला तापवल्याशिवाय वेल्डिंग केलं तर वेल्डच्या कडेचा भाग काचेसारखा ठिसूळ होतो आणि तिथून तडकतो. पिन तुटली किंवा वाकली तर नवीनच घ्या, ती कधी वेल्ड करू नका.

हाऊसिंगच्या बीडावर हूकाची पट्टी थेट वेल्ड करून टाकणारे आहेत. कृपा करून तसं करू देऊ नका. बीड वेल्डमुळे आतून तडकतं, तेल पाझरायला लागतं, आणि त्यानंतरची दुरुस्ती म्हणजे मागचा सगळा भाग खोलणं. निकेलच्या रॉडनं बीड जोडता येतं हे खरं, पण ओढ सोसणारी जागा तशी जोडून तिच्यावर भरवसा ठेवू नये. बोल्ट बसतो तो हाऊसिंगचा कान तुटला असेल तर हाऊसिंग बदलणं किंवा ओढ दुसऱ्या, मूळच्या बोल्टच्या भोकांवर नेणं, हेच दोन मार्ग.

काढणं आणि साफ करणं

हूक ट्रॅक्टरवरून काढूनच वेल्ड करा. काढता येतच नसेल आणि दोन टाचण वेल्ड जागेवर मारावे लागत असतील, तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा, डिझेलच्या नळ्या ओल्या कपड्यानं झाका, पाण्याची बादली जवळ ठेवा, आणि अर्थिंगचा चिमटा ज्या पट्टीवर काम आहे त्याच पट्टीला लावा. चिमटा पुढं कुठंतरी लावला की करंट बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंगवर डाग पडतात. ते नंतर आवाज करायला लागतं तेव्हा कारण कुणाच्या लक्षात येत नाही.

बोल्ट काढताना कुठला कुठून निघाला ते खडूनं लिहून ठेवा. आतल्या आट्यांत बोट फिरवून बघा. बीडाच्या आट्यांवर पकड हवी तर बोल्ट किमान आपल्या जाडीच्या दीडपट आत गेला पाहिजे: १२ मिमीचा बोल्ट १८ मिमी. माझ्याकडे तो फक्त १० मिमी आत जात होता, कारण दुसऱ्या जाड पट्टीमुळे जुना बोल्ट अपुरा पडला होता. आटे त्यामुळेच उपटले. उपटलेल्या आट्यांत मोठा टॅप मारण्यापेक्षा (मोठे आटे पाडण्यापेक्षा) हेलिकॉइल, म्हणजे तारेच्या आट्यांचं वेटोळं, बसवणं चांगलं. मूळ मापाचा बोल्ट राहतो आणि तारेचे आटे बीडापेक्षा टणक असतात. भोक आरपार तेलात उघडत असेल तर बोल्टला थ्रेड सीलंट लावायला विसरू नका.

आता हूकावरचा रंग, ग्रीस, माती सगळं तारेच्या ब्रशनं आणि ग्राइंडरनं काढा. जी चीर दिसते ती पूर्ण चीर नसते. तिचं टोक शोधायला घासलेट आणि खडू पुरतो. चिरेवर घासलेट लावा, पाच-दहा मिनिटं मुरू द्या, कोरडं पुसा आणि वर खडू घासा. चिरेत गेलेलं घासलेट परत बाहेर येतं आणि पांढऱ्यावर बारीक काळी रेघ उमटते. माझ्या उजव्या पट्टीला, जी शाबूत वाटत होती, तिथंही १२ मिमीची रेघ उमटली. ती तशीच बसवली असती तर महिन्याभरात तिकडून तुटलं असतं. वेल्डिंगच्या दुकानात लाल डाय आणि पांढरं डेव्हलपर मिळालं तर रेघ आणखी स्पष्ट दिसते. घासलेट वापरलं असेल तर वेल्डिंगआधी जागा पूर्ण पुसून, तापवून कोरडी करा.

पट्टी वाकली असेल तर चीर भरण्याआधी सरळ करा. ८-१० मिमीची साधी पट्टी लाल होईपर्यंत तापवून ऐरणीवर सरळ होते. मग हवेतच थंड होऊ द्या. पाणी ओतू नका.

चीर भरणं

प्रत्येक चिरेच्या टोकापुढं ३-४ मिमीचं आरपार भोक पाडा. चिरेचं टोक सुईसारखं धारदार असतं, सगळा ताण तिथं एकवटतो. गोल भोकाला टोक नसतं, म्हणून चीर तिथं थांबते. मग ग्राइंडरनं चिरेच्या पूर्ण लांबीवर ६० अंशांच्या आसपास व्ही आकाराची चर काढा, तळाला दीड-दोन मिमी लोखंड ठेवून. पट्टी पूर्ण तुटली असेल तर दोन्ही तुकड्यांच्या कडांना उतार द्या आणि मधे दोन मिमीची फट ठेवा. वरवर वेल्डचा थर देऊन चीर झाकली की ती बंद होत नाही, फक्त दिसेनाशी होते.

वेल्डिंगचा रॉड कुठला? गावात बहुतेक दुकानांत ६०१३ नंबरचा असतो. साध्या लोखंडाला तो चालतो, फक्त आत नीट गेला पाहिजे. ७०१८ नंबरचा ओढ आणि हादरे जास्त सोसतो, पण त्याच्या दोन अटी आहेत. तो कोरडाच हवा. उघड्या पाकिटातला, पावसाळ्यात हवा लागलेला ७०१८ वापरण्यात अर्थ नाही. ओव्हनमध्ये २५० ते ३०० अंशांवर तास-दोन तास तापवलेला असावा. आणि त्याला डीसी मशिन लागतं, रॉड पॉझिटिव्हला. जुन्या छोट्या एसी सेटवर तो चिकटत राहतो. हल्ली इन्व्हर्टर मशिन बऱ्याच जणांकडे आलं आहे, त्यावर ३.१५ मिमीचा ७०१८ साधारण ११० ते १३० अँपिअरवर छान चालतो. शेतावरच्या सिंगल फेजवर विजेचा दाब खाली-वर होत असेल तर काम दुकानात नेऊन करा. करंट अर्ध्यात पडला की वेल्ड वर चिकटतो, आत जात नाही, आणि वरून बघून ते ओळखता येत नाही.

पट्टी ओलसर असेल तर हाताला चटका बसेल इतकी तापवून घ्या. पहिला थर तळाला, पातळ. त्यावरचं कीट छिन्नी-हातोडीनं आणि ब्रशनं पूर्ण काढा, चमकणारं लोखंड दिसेपर्यंत. मग दुसरा, तिसरा. एकाच बाजूनं भरत गेलात तर पट्टी त्या बाजूला ओढली जाते, म्हणून बाजू बदलत, ४०-५० मिमीचे छोटे तुकडे घालत जा. शेवटच्या बिंदूला रॉड झटकन उचलू नका. तिथं खड्डा राहतो आणि नवी चीर त्याच खड्ड्यातून निघते. जरा मागं वळून तो भरा. उलट बाजूनं चर काढून तळाचा थर साफ करा आणि तिकडूनही एक थर द्या. मग ओढ ज्या दिशेनं असते त्याच दिशेनं ग्राइंडरच्या रेघा येतील असं घासून सपाट करा. आडव्या रेघा ठेवू नका. आणि हवेत थंड होऊ द्या.

जस्ताचा पत्रा किंवा जस्त लावलेला पाइप कुठं वापरणार असाल तर जस्त आधी पूर्ण घासून काढा. त्याचा धूर छातीत जातो आणि रात्री थंडी-ताप भरतो.

मजबुती: पट्टी कुठं आणि कशी

इथंच सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून सावकाश सांगतो. जाड पट्टी मारली की मजबूत झालं, हा समज मी स्वतः पैसे देऊन खोटा ठरवला आहे. आपल्याला ताण एका जागी साठू द्यायचा नाही, तो पसरवायचा आहे.

आधी आकडे मांडू. समजा ब्लोअरच्या दांडीचा हूकावर खालचा दाब १२० किलो आहे. हूकाची पिन बोल्टच्या चेहऱ्यापासून २५० मिमी मागं आहे. वरच्या आणि खालच्या बोल्टमधलं अंतर ८० मिमी. खालचे बोल्ट टेकू धरले तर वरच्या बोल्टांवर ओढ येते १२० गुणिले २५० भागिले ८०, म्हणजे ३७५ किलो. खड्ड्यात किंवा बांधावर हा दाब तिप्पट धरला तर ११२५ किलो. आता सोयीसाठी हूक १०० मिमी लांब केला तर तीच ओढ १५७५ किलो होते. दाब तोच, पट्टी तीच, पण ४० टक्के ओढ वाढली. म्हणून दुरुस्तीच्या निमित्तानं हूक लांब करू नका. उलट बोल्टमधलं उभं अंतर वाढवता आलं, म्हणजे बॅक प्लेट (हाऊसिंगला टेकून बोल्टनं बसणारी हूकाची प्लेट) खाली मूळच्या आणखी भोकांपर्यंत नेता आली, तर ओढ कमी होते. हाऊसिंगवर नवीन भोकं मात्र पाडू नका.

दुसरी गोष्ट पट्टी उभी की आडवी. ५० बाय १० मिमीची पट्टी आडवी ठेवून तिच्यावर वजन दिलं आणि तीच उभी ठेवून दिलं, तर उभी पट्टी वाकायला पाचपट ताकद सोसते. लोखंड तेवढंच, वजन तेवढंच. हूकाखाली आडव्या पट्ट्यांवर पट्ट्या चढवलेल्या पाहिल्या की मला वाईट वाटतं. त्यातली एक उभी केली असती तर बाकीच्या लागल्याच नसत्या.

तिसरी गोष्ट पीळ. बागेत ८-१० फुटांच्या ओळींतून बाहेर पडून लगेच वळायचं असतं, तेव्हा हूकाला वर-खाली दाबासोबत बाजूचा पीळ पडतो. इंग्रजी सी आकाराच्या उघड्या चॅनेलला पीळ सोसत नाही. त्याच चॅनेलचं तोंड ६ मिमीच्या पट्टीनं बंद करून डबी केली की तो पिळाला कितीतरी पटींनी ताठ होतो. डबीच्या तळाला पाणी निघायला एक छोटं भोक ठेवा, नाहीतर आतून गंजतं आणि बाहेर काही दिसत नाही.

आम्ही जे केलं ते असं. दोन्ही उभ्या पट्ट्या आणि बॅक प्लेट यांच्या कोनात ६ मिमीचे त्रिकोणी गसेट (आधाराचे तुकडे) बसवले, वरच्या बाजूला, कारण दाब खाली असतो तेव्हा वरची कड ताणली जाते. गसेटचा आतला कोपरा १५ मिमी कापला, म्हणजे तीन वेल्ड एका बिंदूत भेटत नाहीत. पट्टीवर येणारं गसेटचं टोक निमुळतं केलं. टोक चौकोनी ठेवलं की तिथपर्यंत पट्टी ताठ आणि तिथून पुढं एकदम लवचीक होते, आणि चीर नेमकी त्या सीमेवर पडते. माझी पहिली दुरुस्ती त्याच सीमेवर तुटली होती. डाव्या आणि उजव्या गसेटची टोकं एका रेषेत न ठेवता २५ मिमी पुढं-मागं ठेवली. पट्टीच्या कडेवर आडवा वेल्ड कुठंही ठेवला नाही. वेल्ड पट्टीच्या लांबीच्या दिशेनंच नेला, टोकाला वळवून आणला. ८ मिमीच्या पट्टीला ६ मिमीचा कोनातला वेल्ड पुरतो, त्याहून जाड वेल्ड फक्त पट्टी ओढून वाकडी करतो.

बोल्टची भोकं पुन्हा गॅसनं पाडली नाहीत. जुनी दातेरी भोकं पूर्ण भरून घेतली, मग ड्रिलनं नवीन पाडली आणि दोन्ही बाजूंनी कड मारली. भोकात बोट फिरवलं तर काहीच टोचता कामा नये.

बसवण्याआधीची एक तपासणी

वेल्ड थंड होताना आकसतो, त्यामुळे बॅक प्लेट हमखास किंचित वाकते. डोळ्याला दिसत नाही. तिच्यावर सरळपट्टी ठेवून खाली फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) घालून बघा. आमच्या प्लेटमध्ये मधे ०.८ मिमीची फट निघाली. अशी प्लेट बीडावर ठेवून बोल्ट आवळले की बोल्ट प्लेटला सरळ करू बघतात आणि बीडाचा कान तडकतो, किंवा आठ दिवसांत बोल्ट ढिले पडतात. आम्ही ती घासून ०.२ मिमीच्या आत आणली. रंगही त्या चेहऱ्यावर लावला नाही. मधला रंग दबतो, बोल्ट सैल होतो. वाकू नये म्हणून वेल्डिंग करतानाच प्लेट २० मिमीच्या जाड पाट्यावर बोल्टनं बांधून ठेवली तर हे घासणं बरंच वाचतं.

बोल्ट, पिन, आटे

बोल्टच्या डोक्यावर ८.८ ही ताकदीची खूण लिहिलेली असावी. डोकं कोरं असेल तर तो साध्या लोखंडाचा धरा आणि हूकाला वापरू नका. १२ मिमीचा ८.८ बोल्ट साधारण ८ किलो-मीटर, म्हणजे ८० न्यूटन-मीटरला आवळतात, १६ मिमीचा २०० न्यूटन-मीटरच्या आसपास. तुमच्या ट्रॅक्टरच्या पुस्तकात बीडातल्या बोल्टसाठी कमी आकडा दिला असेल तर तोच पाळा. टॉर्क पाना गावात एखाद्याकडे तरी असतो, मागून आणा. वरच्या हिशेबातली ११२५ किलोची ओढ घट्ट बसलेल्या ८.८ बोल्टांना जड नाही. पण ढिला बोल्ट प्रत्येक हिसक्याला मागं-पुढं सरकतो आणि भोकाची कड कुरतडतो. पुष्कळ हूक बोल्ट ढिला झाल्यावर तुटायला लागतात. खाली टणक सपाट वॉशर आणि आट्यांना थ्रेड लॉक लावा.

पिनचं भोक लांबट झालं असेल तर वॉशर चिकटवू नका. भोक मोठं करून त्यात लेथवर बनवलेलं बुश (पिन बसायची जाड नळी) वेल्ड करा, आणि बुशचं आतलं भोक वेल्ड झाल्यावर शेवटी मापाला आणा, कारण तापल्यावर ते बदलतं. २२ मिमीच्या पिनला अर्धा-पाऊण मिमी खेळ पुरे. जबड्यात वर-खाली मात्र कडी मोकळी डुलली पाहिजे. पिनला दोरी, तार किंवा खिळा नको, लिंच पिनच (पिन निसटू नये म्हणून लावायची कडीची पिन) हवी.

चढवताना

हूक बसवून पिनपासून जमिनीची उंची मोजा आणि मूळ उंचीशी ताडून बघा. वर गेली असेल तर ती खाली आणा, पुढच्या टोकाचं उचलणं तिथूनच सुरू होतं. मग पीटीओच्या टोकापासून पिनपर्यंतचं अंतर. मिनिटाला ५४० फेऱ्यांच्या पीटीओला १४ इंच हे अंतर प्रमाण मानतात. बागेच्या छोट्या ट्रॅक्टरचं वेगळं असू शकतं, म्हणून तुटण्याआधीचं तुमचं माप हेच खरं. ते बदललं तर वळताना शाफ्टचे क्रॉस (दोन्ही टोकांचे फिरते सांधे) सारख्या कोनात राहत नाहीत आणि शाफ्ट खडखडतो. पूर्ण डावं आणि पूर्ण उजवं वळण हातानं, इंजिन बंद ठेवून फिरवून बघा: शाफ्टचे दोन नळ पूर्ण आत जाऊन ठोकत नाहीत ना, आणि सरळ उभं असताना एकमेकांत पुरेसे गुंतलेले राहतात ना. शाफ्टचं प्लास्टिकचं आवरण तुटलं असेल तर याच वेळी बदला. दांडी आणि ट्रॅक्टरच्या मध्ये एक जाड साखळी बांधा, वळायला जेवढी लागते तेवढीच ढील ठेवून. पुढच्या वेळी काही तुटलंच तर दांडी जमिनीत रुतणार नाही.

पहिल्या दिवशी टाकी अर्धीच भरा. एक-दोन चाऱ्या ओलांडा, दोन्ही बाजूंना पूर्ण वळा, थांबा, आणि प्रत्येक बोल्टवर पाना ठेवून बघा. पाच तास काम झाल्यावर पुन्हा. त्यानंतर महिन्यातून एकदा.

रंग फिका लावा, करडा किंवा पिवळा. काळ्या रंगावर चीर दिसत नाही. फिक्या रंगाखालून चीर सुरू झाली की गंजाची तांबूस रेघ बाहेर येते आणि धुताना सहज डोळ्यात भरते. आम्ही पिवळा लावला. खरड छाटणीच्या आधी आणि फळछाटणीच्या आधी, वर्षातून दोनदा, गसेटच्या टोकांवर घासलेट लावून खडू घासतो. मागच्या वेळी डाव्या गसेटच्या टोकाशी केसाएवढी रेघ दिसली. टोक ग्राइंडरनं आणखी निमुळतं केलं, रेघ घासून काढली, पुन्हा खडू फिरवला, आणि या वेळी तो पांढराच राहिला.